क्लच एकाएकी निकामी होतो तेव्हा

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता हा कित्येक मराठी कुटुंबांच्या पायाखालचा रस्ता आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत कापडाच्या धंद्यामुळे स्थायिक झालेली खानदेशी मंडळी लग्नसराईत, दिवाळीत आणि विशेषतः आखाजीला गावाकडे निघतात, ती बारडोली, व्यारा, सोनगड ही गावे मागे टाकीत नवापूरला पोचतात. विसरवाडी सुटली की कोंडाईबारीचा घाट लागतो. पूर्वी हा प्रवास एस.टी.ने अगर तापीकाठच्या आगगाडीने होत असे. आता अनेकांच्या दारी स्वतःची मोटार असते, आणि त्या मोटारीत म्हातारी आई, दोन मुले आणि फराळाचे डबे असा सारा संसार भरलेला असतो.

अशी एक मोटार घाट चढते आहे अशी कल्पना करावी. पुढे मालाने भरलेला ट्रक रांगत चालला आहे. तिसरा गिअर ओढीनासा झाला म्हणून चालक दुसरा गिअर टाकण्यासाठी डाव्या पायाने क्लच दाबतो, तो पेडल लोण्यात सुरी जावी तसे थेट तळाला जाते आणि वर येतच नाही. गिअरचा दांडा हलत नाही. मागून भोंगा वाजू लागतो. सकाळी घरून निघताना गाडी अगदी ठणठणीत होती. मग हे एकाएकी झाले तरी काय?

यंत्राची मीमांसा करण्याआधी माणसे सुरक्षित करावयाची असतात. अशा वेळी चालकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही की क्लच सुटत नाही याचा अर्थ इंजिन आणि चाके अजून एकमेकांना जोडलेलीच आहेत. गाडी ओढते आहे तोवर तिच्यावर ताबा आहे. आहे त्याच गिअरमध्ये, गती फार पडू न देता, रस्त्याच्या डाव्या कडेला रुंद जागा दिसेल तिथवर गाडी न्यावी. मग ब्रेक लावावा. इंजिन गचका देऊन बंद पडेल, पडू द्यावे. गिअर तसाच राहू देऊन हातब्रेक ओढावा, उतारावर चाकांमागे दगड लावावेत, चारी दिवे लुकलुकते करावेत आणि मुलाबाळांना गाडीत बसवून न ठेवता रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागा असेल तेथे उभे करावे. धोक्याचा त्रिकोण गाडीच्या बुडाशी ठेवण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. तो चांगला पन्नास-साठ पावले मागे, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे ठेवला, तरच मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला त्याचा उपयोग.

गाडी सपाटीवर धावत असताना हाच प्रसंग आला, तर गिअर काढता येत नाही असे समजून घाबरण्याचे कारण नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलला म्हणजे इंजिनाचा जोर आणि चाकांचा जोर क्षणभर समतोल होतो, आणि त्या क्षणी दांडा अलगद ओढला तर गाडी न्यूट्रलमध्ये येते. जुन्या ट्रकचालकांना ही गोष्ट अंगवळणी पडलेली असे.

आता क्लच म्हणजे काय ते पाहू. इंजिन एकदा सुरू झाले की ते सतत फिरत राहते. गाडी मात्र कधी उभी, कधी हळू, कधी वेगात असते. फिरते इंजिन आणि उभी चाके यांची गाठ एकदम मारली तर एक तर इंजिन बंद पडेल, नाही तर काहीतरी मोडेल. म्हणून या दोहोंमध्ये हळूहळू जोडणारा आणि हवा तेव्हा तोडणारा दुवा घालावा लागतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्या गुळगुळीत तोंडावर क्लच प्लेट टेकलेली असते, आणि तिच्या पाठीवर प्रेशर प्लेट एका बळकट स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. दोन तळहातांत ताटली घट्ट धरावी तशी ती प्लेट मध्ये सापडते आणि इंजिनाबरोबर फिरू लागते. तिच्या मध्यातून गिअरबॉक्सचा दांडा गेलेला असतो, तोही मग फिरतो. पेडल दाबले की एक फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगची बोटे दाबते आणि प्रेशर प्लेट मागे सरते. ताटली मोकळी होते.

येथे एक हिशेब मनोरंजक आहे. पायाखालचे पेडल दहा-पंधरा सेंटिमीटर खाली जाते. पण प्रेशर प्लेट मागे सरते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर. पायाचा थोडा जोर वाढवून त्या बळकट स्प्रिंगला नमविण्यासाठी सारी लांबी खर्च करावी लागते. याचा परिणाम असा, की वाटेत कोठे थोडीशी जरी लांबी वाया गेली, केबल जराशी ताणली, नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला, तरी शेवटचा तो एक मिलिमीटर मिळत नाही आणि क्लच सुटत नाही. एवढ्याशा बुडबुड्याने एवढी मोठी गाडी अडते ती या कारणाने.

सुरत हे विणकरांचे शहर. तेव्हा त्या शहरात बसून क्लचचा विचार करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असावी. अगदी पहिल्या मोटारींचे क्लच शंकूच्या आकाराचे असत आणि त्यांवर चामडे मढविलेले असे. चामडे तेलकट होऊन घसरू लागले, की चालक खाली उतरून त्यावर मुलतानी माती भुरभुरवीत! पुढे घर्षणासाठी विणलेल्या पट्ट्या आल्या. हर्बर्ट फ्रूड या इंग्रजाने १८९७ मध्ये सुरू केलेला ब्रेकच्या अस्तरांचा उद्योग पुढे फेरोडो या नावाने जगभर पोचला, आणि त्याची आरंभीची अस्तरे सूत व केस यांच्या विणीत डांबरासारखे द्रव्य मुरवून केलेली असत. नंतर सुताची जागा अॅस्बेस्टॉसने घेतली. अॅस्बेस्टॉस जळत नाही हे खरे, परंतु त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते हे कळून आल्यावर चांगल्या कारखानदारांनी त्यालाही रजा दिली. तरीही जुनी गाडी उघडताना अगर बाजारातली अगदी स्वस्त प्लेट हाताळताना त्या काळ्या धुळीवर काँप्रेसरचा फवारा मारू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी. सुरतेच्या काय किंवा धुळ्याच्या काय, पुष्कळ गॅरेजांत धूळ उडवूनच साफसफाई होते, आणि तिच्यात बहुधा एखादा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा वाकून उभा असतो.

आता घाटातल्या त्या गाडीकडे परत जाऊ. ‘क्लच गेला’ हे चार अक्षरांचे निदान रस्त्यावर कोणीही करतो. वास्तविक त्या दोन शब्दांत निदान तीन निरनिराळे आजार दडलेले असतात, आणि त्यांच्या औषधांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या आजारात क्लच सुटत नाही: पेडल दाबले तरी इंजिन आणि गिअरबॉक्स अलग होत नाहीत आणि गिअर टाकताना करकर आवाज होतो. दुसऱ्या आजारात क्लच धरत नाही: इंजिन घोंघावते, गाडी मात्र वेग घेत नाही, जळका वास येतो. तिसरा आजार क्लचचा नसतोच, पण सोंग क्लचचे घेतो. रोग्याने डॉक्टरला पोटात दुखते की छातीत, हे जसे सांगावे लागते, तसे मोटारमालकाने मिस्त्रीला यांपैकी काय होते आहे ते नेमके सांगितले पाहिजे. तसे सांगता न आल्याने पुष्कळांना नाहक खर्चाच्या खड्ड्यात पडावे लागते. ज्या दुरुस्तीला एक रबरी वॉशर पुरला असता तिच्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरविला जातो, आणि नवी प्लेट टाकूनही दोष जागच्या जागी राहतो, कारण तो प्लेटमध्ये नव्हताच.

घाटातल्या गाडीचा आजार पहिल्या जातीचा आहे. पेडल तळाला गेले आणि क्लच सुटला नाही. पायापासून फोर्कपर्यंत जोर नेण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत पोलादी तारांची वळलेली केबल असते, तिला आपल्याकडे क्लच वायर म्हणतात. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून कित्येक लहान गाड्यांत ती वापरली गेली. दुसऱ्या रीतीत तेल असते: पेडलापाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि दोहोंना जोडणारी नळी. पायाने एका टोकाचे तेल ढकलले की दुसऱ्या टोकाचा दट्ट्या पुढे सरतो.

केबलची गाडी असेल तर पाहावयाचे फार थोडे असते. केबल बहुधा पेडलाच्या आकड्यापाशी अगर गिअरबॉक्सजवळच्या वळणावर तुटते. त्या आधी काही दिवस पेडल जड लागू लागलेले असते, कारण एकेक तार तुटून आवरणात अडकत असते. पेडल जड झाले तर केबल पाहा, एवढे जरी मालकाने लक्षात ठेवले तरी निम्म्या गाड्या घाटात अडकणार नाहीत. लांबच्या प्रवासाला एक नवी केबल डिकीत टाकून ठेवणे ही जुन्या लोकांची सवय उगाच नव्हती. ती बदलण्यास साधे पाने आणि अर्धा-पाऊण तास पुरतो. मात्र बदलल्यावर पेडलाला वरच्या अंगास थोडी मोकळी चाल ठेवावी लागते, साधारणपणे दीड ते अडीच सेंटिमीटर. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ही चाल अजिबात ठेवली नाही तर बेअरिंग सदैव दाबलेले राहते आणि चांगली प्लेट महिन्या-दोन महिन्यांत घसरू लागते. चाल जास्त ठेवली तर क्लच सुटत नाही.

तेलाची गाडी असेल तर बॉनेट उघडून प्रथम डबीतील ब्रेक ऑइल पाहावे. क्लचही त्याच तेलावर चालतो, आणि पुष्कळ गाड्यांत ब्रेकला आणि क्लचला एकच डबी असते. अशा डबीत क्लचकडे जाणारी वाट वरच्या बाजूला ठेवलेली असते, जेणेकरून क्लचची नळी गळली तरी ब्रेकचे तेल सारे वाहून जाऊ नये. तरीही या डबीतले तेल उतरलेले दिसले, तर ब्रेकचे पेडल दाबून पाहिल्यावाचून गाडी एक पाऊलही पुढे नेऊ नये. क्लच नसलेली गाडी अडते. ब्रेक नसलेली अडत नाही.

तेल गेले कोठे? पायाशी अंथरलेल्या गालिच्याखाली हात घालून पेडलाच्या वरचा भाग चाचपावा. तेथे ओल लागली तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल असेल तर तो गेला. ब्रेक ऑइल पातळ, फिकट आणि पाण्याने धुऊन जाणारे असते. गिअरचे तेल दाट आणि उग्र वासाचे. इंजिनाचे तेल काळे. बोटाला लागलेल्या थेंबावरून एवढे ओळखता आले तर निम्मे निदान झालेच. हे ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडू देऊ नये, रंग उठतो. सांडलेच तर लगेच भरपूर पाणी ओतावे.

तेल कोठेच गळलेले नाही आणि तरीही पेडल तळाला जाते, असेही होते. तेव्हा पेडल चटाचट पाच-सहा वेळा दाबून पाहावे. असे केल्याने पेडल थोडे ताठ होऊन गिअर पडू लागला, तर नळीत हवा शिरली आहे, नाही तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजून तेल पुढे जाण्याऐवजी मागेच परतते आहे. हा दुसरा दोष मोठा फसवा असतो. बाहेर एक थेंब दिसत नाही, सकाळी गार गाडीत क्लच नीट चालतो आणि दोन तासांनी तेल तापून पातळ झाले, की घाटाच्या ऐन चढावर पेडल पायाखालून निसटते.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि तिला दोन माणसे एवढीच सामग्री लागते. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सपाशी फोर्ककडे अगर त्याच्या बाहेरच्या दांड्याकडे पाहावे. पेडल दाबूनही दांडा हलत नसेल, किंवा नावापुरता हलत असेल, तर दोष बाहेर आहे: केबल, तेल, सिलिंडर. गिअरबॉक्स उतरविण्याचे काही कारण नाही. दांडा पूर्ण हलतो आणि तरीही क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे आणि गिअरबॉक्स उतरविल्याशिवाय गत्यंतर नाही. ही परीक्षा मिस्त्रीने मालकाच्या देखत करून दाखवावी, असा आग्रह धरण्यात गैर काही नाही. चांगला मिस्त्री रागावत नाही. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडातच, दांड्याभोवती बसविलेला असतो, तेथे मात्र डोळ्यांनी काही दिसत नाही. घंटेच्या तळच्या छिद्रातून ब्रेक ऑइल ठिबकते की काय, एवढेच पाहावयाचे.

आतले दोषही एकाएकी उद्‌भवतात. फोर्क मोडतो, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे तुटतात, प्लेटवरच्या अस्तराचा तुकडा निखळून मध्येच पाचरीसारखा अडकतो. परंतु सुरतेच्या दृष्टीने ज्याचा विचार करावयास हवा तो दोष म्हणजे प्लेट चिकटून बसणे. हवा समुद्रकाठची, दमट. गाडी पावसाळ्यात दोन-तीन महिने एका जागी उभी राहिली, तर फ्लायव्हीलच्या उघड्या लोखंडावर गंजाचा पापुद्रा धरतो आणि प्लेटचे अस्तर त्याला डिंकाने चिकटविल्यासारखे बसते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या अशा वेळी बुडतात, आणि पाणी ओसरल्यावर त्यांत जे नाना आजार निघतात त्यांत हा एक असतो. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा पुराचे पाणी नव्हते, पण दारोदार गाड्या उभ्या राहिल्या त्या महिनोन्‌महिने, आणि गंजाला तेवढे पुरते.

चिकटलेली प्लेट सोडविण्याचा एक जुना उपाय आहे. गाडी पुरात बुडालेली असेल तर तो करू नये. तिच्या इंजिनात पाणी असू शकते आणि स्टार्टर मारताच आतले दांडे वाकतात. ती ओढूनच न्यावी. नुसती उभी राहून चिकटलेली गाडी असेल, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चांगले तापू द्यावे आणि मग बंद करावे. पुढे लांबवर मोकळे मैदान असावे, माणूस-जनावर नसावे. दुसरा गिअर टाकून, क्लच तळापर्यंत दाबून स्टार्टर मारावा. गाडी धक्का घेऊन चालू लागेल. पेडल दाबलेलेच ठेवून अॅक्सिलरेटर एकदा दाबावा, एकदा सोडावा, मध्येच हलका ब्रेक लावावा. पुष्कळदा खट्‌कन आवाज होऊन प्लेट सुटते. पाच-सात प्रयत्नांत सुटली नाही तर हट्ट करू नये. तो गिअरबॉक्स उतरविण्याचा मामला आहे.

दुसरा आजार, म्हणजे क्लच न धरणे, हा बहुधा हळूहळू येतो. त्याचा एकाएकीपणा बव्हंशी मालकाच्या दुर्लक्षाचा असतो. सुरत हे पुलांचे आणि उड्डाणपुलांचे शहर. संध्याकाळच्या गर्दीत रिंग रोडवर, सहारा दरवाजाच्या बाजूला, पुलाच्या चढावर गाड्या थांबत थांबत सरकतात. तेथे हातब्रेक न ओढता अर्धा क्लच धरून गाडी चढावर तोलून ठेवणारे चालक सर्रास दिसतात. त्यांना ते कौशल्य वाटते. प्रत्यक्षात त्या अर्ध्या मिनिटात प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांवर सहाणेवर चंदन उगाळावे तशी घासत असतात, फक्त सुगंध येत नाही. याची परीक्षा अशी: सपाट जागी हातब्रेक घट्ट ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि इंजिन थोडे चढवून क्लच सोडावा. इंजिन ताबडतोब बंद पडले तर क्लच धरतो आहे. ते फिरतच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी; वारंवार केल्याने उरलेसुरले अस्तरही जळते. प्लेट झिजलेली नसताना क्लच एका दिवसात घसरू लागला, तर इंजिनाच्या मागचे ऑइल सील गळून प्लेटवर तेल आलेले असण्याचा संभव धरावा. अशा वेळी सील न बदलता नवी प्लेट घालणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरणे होय.

तिसऱ्या, सोंगाड्या आजारासंबंधी थोडक्यात. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सोडला, इंजिन मजेत फिरते आहे आणि गाडी जागची हलत नाही. सारे म्हणतात, प्लेट गेली. परंतु पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत चाकाकडे जाणारा एक दांडा मोडला अगर सांध्यातून निसटला तरी हेच होते. ज्या गाड्यांत वेग दाखविणारा काटा गिअरबॉक्सवरून चालतो, त्यांत गाडी उभी असून काटा हलू लागला, तर क्लच निर्दोष आहे आणि दोष पुढे चाकांकडे आहे. आवाजाचीही अशीच फसगत होते. पेडल दाबताच किंचाळणारे रिलीज बेअरिंग असते. पेडल सोडले असता घरघरणारे आणि दाबताच गप्प होणारे बेअरिंग गिअरबॉक्सचे असते.

आता, क्लच सुटत नसताना गाडी गॅरेजपर्यंत नेता येईल काय? येते, पण ते शेवटचे साधन समजावे. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावयाचा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारावयाचा. गाडी हिसका देऊन चालू लागते. पेडल दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत अशा नव्या गाड्यांत पेडल तळाला दाबून स्टार्टर मारावा, क्लच सुटतच नसल्यामुळे परिणाम तोच होतो. पुढे थांबण्याआधी न्यूट्रल करावे. घाटात, गर्दीत किंवा शहरातल्या चौकांतून हा प्रयोग करू नये. एका ठिकाणी मात्र तो जीव वाचवू शकतो. गाडी रेल्वेच्या फाटकात, रुळांवर बंद पडली तर सर्वप्रथम सर्व माणसे उतरवून दूर पाठवावीत आणि फाटकावरच्या कर्मचाऱ्याला कळवावे. गाडी येत नसल्याचे त्याच्याकडून कळले, तरच पहिल्या गिअरमध्ये स्टार्टरच्या जोरावर गाडी रुळांबाहेर काढण्याचा प्रयत्न करावा. क्लच धरतच नसेल तर या युक्तीचा उपयोग नाही. तेथे ढकलणारे हातच हवेत.

दोष तेलाच्या वाटेत सापडला तर दुरुस्ती सोपी असते. सिलिंडरचे रबर किट बदलतात. सिलिंडरच्या आत चरे पडले असतील तर सारा सिलिंडर बदललेला बरा, कारण चरे पडलेल्या नळीत नवे रबर दोन महिने टिकत नाही. मग हवा काढावयाची. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावा, तेल आणि बुडबुडे बाहेर पडले की निपल आवळावा, आणि त्यानंतरच पेडल वर येऊ द्यावे. हा क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाते आणि दोन माणसे तासभर घाम गाळीत बसतात. डबी मध्ये रिकामी होऊ देऊ नये. गाडीच्या पुस्तकात डॉट ३ अगर डॉट ४ असे जे सांगितले असेल तेच तेल घालावे. घाटातल्या एखाद्या टपरीवर मिळाले म्हणून इंजिनाचे तेल त्यात ओतले, तर सारी रबरे फुगून क्लचबरोबर ब्रेकही निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. सुरतेसारख्या दमट गावी ते दर दोन वर्षांनी बदलावे, आणि अर्धी वापरलेली बाटली फडताळात ठेवून पुढल्या वर्षी वापरू नये.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर काम जिकिरीचे आहे आणि ते घराच्या अंगणात नुसत्या जॅकवर गाडी उचलून करण्यासारखे नाही. जॅक सरकतो. गाडीखाली मजबूत घोड्या लावल्याशिवाय कोणी खाली शिरू नये. बॅटरीची तार आधी सोडतात. गिअरबॉक्स बाहेर आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदम बदलण्याचा प्रघात आहे, आणि येथे मिस्त्री लुबाडतो असे समजू नये; बेअरिंगची किंमत थोडी आणि ते पुन्हा बदलावयाचे तर मजुरी पहिल्याइतकीच. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग, भेगा किंवा खोल चरे आहेत काय ते पाहिले पाहिजे. नवी प्लेट बसविताना तिचा मध्य बरोबर जुळवावा लागतो, त्यासाठी एक लहानसा दांडा मिळतो. तो जुळला नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही, आणि मग गिअरबॉक्सचे सारे वजन प्लेटवर लोंबकळत ठेवून तो बळेच आत कोंबला जातो. नव्या प्लेटचा मध्य वाकतो तो येथे. बोल्ट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावयाचे. दांड्याच्या दात्यांना ग्रीसचे नखभर बोट पुरे. जास्त लावलेले ग्रीस उडून अस्तरावर बसते.

गाडी ताब्यात घेताना जुनी प्लेट मागून घ्यावी आणि तिच्याकडे पाहावे. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले असेल तर तिचे आयुष्य संपले होते. अस्तर जाड असून तेलाने काळेभोर झाले असेल तर सील बदलले की नाही ते विचारावे. अस्तर जाड, कोरडे आणि स्वच्छ असेल, तर गिअरबॉक्स कशासाठी उतरविला हा प्रश्न तेथेच, पैसे देण्यापूर्वी विचारावयाचा असतो. मग इंजिन सुरू करून, क्लच दाबून सावकाश दहा अंक मोजावेत आणि रिव्हर्स गिअर टाकावा. तो निमूटपणे पडला तर क्लच पुरता सुटतो आहे. करकर वाजला तर गाडी पुन्हा आत घ्यावयास सांगावे आणि गावी, आज मुक्काम सुरतेतच आहे, असे कळवून टाकावे.